सल्ला : ‘या वेळी मी ठरवणार’ असं भाऊ म्हणतोय

पत्र, थोडक्यात : “मी जुळे सोलापुरात राहते. माझा धाकटा भाऊ २६ वर्षांचा आहे, ऑटिस्टिक आहे. चार लोकांत तोंडाने फार बोलत नाही, पण मोबाइलवर लिहून अगदी नेमकं सांगतो. सोलापुरी चादरींची जुनी डिझाइन्स आलेखाच्या कागदावर उतरवून ठेवायचा त्याला नाद आहे. मागच्या २ एप्रिलला, जागतिक ऑटिझम जागरूकता दिनाला, आमच्या पालकांच्या गटाने हॉल घेऊन कार्यक्रम केला. दीपप्रज्वलन, सत्कार, भाषणं, मग मुलांचे नाच. पाहुणे पाऊण तास उशिरा आले, तोवर स्पीकरवर गाणी चालूच. निम्मी मुलं कानांवर हात ठेवून बसली, दोघं बाहेर पळाली. भाऊ अर्ध्यातून घरी आला आणि तीन दिवस खोलीबाहेर पडला नाही. आता तो आणि त्याच्या ओळखीचे तिघं म्हणतायत, पुढचा मेळावा आम्ही करणार. तिघांपैकी एकीला एडीएचडी आहे (लक्ष टिकवणं, एका जागी बसणं अवघड जातं), एकाला डिस्लेक्सिया (वाचणं-लिहिणं अवघड जातं). तिसरी पूर्व भागातली, घरी तेलुगू बोलतात, ती चित्रांच्या तक्त्यावर बोट ठेवून सांगते. गटातली मंडळी म्हणतात, ‘करू द्या की, पण बघायचं सगळं आपण. ते उद्घाटनाला स्टेजवर बसतील.’ मला हे पटत नाही, पण भीतीही वाटते. भावाला ताण आला तर? आणि असा मेळावा करायचा तरी कसा?” – एक ताई, सोलापूर

ताई, सप्रेम नमस्कार.

गटाचं म्हणणं तुम्हाला पटत नाही, ते बरोबरच आहे. स्टेजवर खुर्ची मिळाली म्हणून कार्यक्रम त्यांचा होत नाही. तो कुणाचा आहे, हे तीन गोष्टींवरून कळतं. पैसे कशावर खर्च करायचे, हे कोण ठरवतं? कार्यक्रम किती वाजता सुरू आणि किती वाजता बंद, हे कोण ठरवतं? आणि कुणी ‘स्पीकर बंद’ म्हटलं की तो खरोखर बंद होतो? या तिन्हींचं उत्तर ‘ते चौघं’ असेल, तर बाकी चुका झाल्या तरी निस्तरता येतात. नसेल, तर शांत खोली, हेडफोन, रंगीत बिल्ले सगळं करूनही मागच्या एप्रिलसारखंच होईल.

ताणाचं म्हणाल, तर मागच्या वेळी तुमच्या भावाकडे एकही काम नव्हतं, तरी त्याचे तीन दिवस गेले. आवाज थांबेना, पुढे काय होणार ते कळेना, आणि उठून गेलं तर लोक काय म्हणतील हे डोक्यात, असा तो ताण होता. या वेळी कामाचा थकवा येईल, तो धरूनच चालू आणि त्याची सोयही करू. पण कधी काय होणार हे स्वतः ठरवलेलं असलं की बऱ्याच जणांना त्याच गर्दीत वावरणं सोपं जातं. तुमच्या मनातला हा प्रश्न भावालाही सरळ विचारा. “तुला कशाने जास्त थकायला होईल?” असं लिहून पाठवा आणि उत्तराला एक दिवस द्या.

पहिल्या बैठकीत एक पान लिहून घ्या. तारीख, वेळ, जागा, कार्यक्रमात काय असेल आणि काय नसेल, आवाज, जेवण, कुणाला बोलवायचं आणि खर्च, हे चौघं ठरवतील. गट वर्गणी गोळा करेल, परवानग्या काढेल, खुर्च्या उचलेल, रिक्षा ठरवेल. प्रत्येक खर्चाला चौघांपैकी दोघांचा व्हॉट्सअ‍ॅपवर ‘हो’ हवा. आग, अपघात, कुणाची तब्येत बिघडणं, एवढ्याच बाबतींत मोठ्यांनी न विचारता निर्णय घ्यायचा. या पानावर गटातल्या सगळ्यांच्या सह्या घ्या. ऐनवेळी कुणी काका ‘अहो, दोन मिनिटं माइक द्या’ म्हणाले की हेच पान पुढे करता येतं. आणि चौघांचं मानधन खर्चात धरा. मंडपवाल्याला, साउंडवाल्याला आपण पैसे देतो. महिना-दीड महिना डोकं लावणाऱ्यांना नुसता गुलाब देऊन भागवू नका.

अशा मेळाव्याची पद्धत काही नवी नाही. ऑटिस्टिक लोकांनी ऑटिस्टिक लोकांसाठी भरवलेलं ‘ऑट्रीट’ नावाचं निवासी शिबिर अमेरिकेत १९९६ साली सुरू झालं आणि पुढे बरीच वर्षं चाललं. खाली ज्या रंगीत बिल्ल्यांचं सांगितलं आहे, ती कल्पना तिथल्याच लोकांची.

बैठक पाऊण तासाच्या वर नको. विषय दोन दिवस आधी व्हॉट्सअ‍ॅपवर जाऊ देत, एका बैठकीला तीनच. प्रत्येक विषयाचे दोन-तीन पर्याय फोटोसकट ठेवा. ‘हॉल कुठला घ्यायचा?’ हा प्रश्न फार मोठा आहे. ‘या दोनपैकी कुठला?’ याला उत्तर येतं. उत्तर बोलून, लिहून, बोट ठेवून, आवाजी निरोपाने, कसंही चालेल. गप्प राहिलं म्हणजे होकार, असं धरू नका. बैठकीनंतर विचार बदलायला ४८ तास ठेवा. बऱ्याच जणांना घरी गेल्यावरच नेमकं काय वाटतं ते कळतं.

डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला लांबलचक मेसेज पाठवून ‘वाचलंस का?’ विचारू नका. तेच एका मिनिटाच्या आवाजी निरोपात सांगा. एडीएचडी असलेल्या मुलीला ‘सहा आठवड्यांत जाहिरात तयार कर’ म्हटलं तर काम शेवटच्या रात्रीवर जाण्याची शक्यता जास्त. त्याऐवजी ‘गुरुवारी संध्याकाळी आपण दोघी बसून फक्त मजकूर ठरवू’ असे छोटे तुकडे करा. मात्र यातलं काय चालेल ते आधी तिलाच विचारा. एडीएचडी म्हणून सगळ्यांना एकच मात्रा लागू पडत नाही.

तक्त्यावर बोट ठेवून सांगणाऱ्या मुलीकडे विशेष लक्ष द्या, कारण सगळ्यांत आधी तिचाच हक्क निसटतो. अशा तक्त्यांवर बहुतेक वेळा ‘पाणी’, ‘जेवण’, ‘शू’, ‘आई’ असतं. बैठकीत लागणारे शब्द नसतात. ‘नको’, ‘थांबा’, ‘आवाज मोठा आहे’, ‘दुसरं दाखवा’, ‘मला माहीत नाही’, ‘नंतर सांगते’ ही सहा चित्रं बैठकीआधी जोडून घ्या. खाली तेलुगूत आणि मराठीत लिहा, म्हणजे घरच्यांनाही वापरता येतील. दोन्ही हॉलचे, खाद्यपदार्थांचे खरे फोटो तक्त्याएवढ्याच आकारात छापून न्या. आधी आठवडाभर घरी ती चित्रं वापरू द्या. नवं चित्र बैठकीत पहिल्यांदा दिसलं तर त्यावर बोट जाणार नाही, आणि मग ‘तिला काही मत नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

तुम्ही आणि बाकीचे घरचे बैठकीत मागच्या रांगेत बसा. भाऊ थांबला तर मनात दहापर्यंत मोजा. ‘त्याला असं म्हणायचंय’ हे वाक्य त्याने तुमच्याकडे बघून मदत मागितल्याशिवाय नको. मंडपवाला, केटरर तुमच्याशीच बोलायला लागतील, भावाकडे बघणारही नाहीत. “निर्णय त्याचा आहे, त्यालाच विचारा, तो लिहून सांगेल,” एवढंच म्हणा आणि गप्प राहा. फोन करणं चौघांनाही नको वाटत असेल तर फोन तुम्ही करा, पण काय बोलायचं ते त्यांनी लिहिलेलं असावं आणि बोलून झाल्यावर काय ठरलं ते लगेच चौघांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाका.

आता मेळावा. पहिल्या खेपेला घरच्यांसकट ४० माणसं, अडीच तास, सकाळी साडेनऊ ते बारा. यापेक्षा मोठा नको. चाळिसांच्या वर गेलं की माइक लागतो, माइक आला की निवेदक येतो, आणि निवेदकाच्या मागोमाग सत्कार येतात.

तारीख २ एप्रिलच असायला पाहिजे असं काही नाही. सोलापुरात एप्रिलमध्ये सकाळी दहालाच अंग भाजतं. पंखे फुल्ल सोडले की त्यांची घरघर, घामाने अंगाला चिकटणारे कपडे, बंद हॉलमधला वास, हे सगळं कार्यक्रम सुरू व्हायच्या आधीच माणसाला थकवतं. नोव्हेंबरचा शेवट, डिसेंबर किंवा फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा बरा. जानेवारीत गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत होम मैदानाच्या आसपास जाणंच नको. गणपती, नवरात्र आणि जयंत्यांच्या मिरवणुकीचे दिवस टाळा, तुमचा रस्ता मिरवणुकीच्या वाटेवर आहे का ते बघा. लग्नसराईत शेजारच्या मंगल कार्यालयात त्या दिवशी बुकिंग आहे का, हे प्रत्यक्ष जाऊन विचारा. बँड आणि फटाक्यांपुढे आपली कुठलीच तयारी टिकत नाही.

हॉल बघायला चौघांनी जावं, आणि ज्या वारी, ज्या वेळी मेळावा आहे त्याच वारी, त्याच वेळी. रिकामा हॉल मंगळवारी दुपारी शांतच असतो. आत गेल्यावर सगळे दिवे आणि पंखे लावा आणि दहा मिनिटं नुसतं बसा. मग मोबाइलचा कॅमेरा स्लो मोशनवर ठेवून प्रत्येक दिव्याचं थोडं चित्रण करा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे चोकच्या जुन्या ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. हलक्या एलईडीही लुकलुकतात. बहुतेकांना ते जाणवत नाही, पण काहींचं डोकं अर्ध्या तासात दुखायला लागतं. स्लो मोशनमध्ये जो दिवा फडफडताना दिसेल तो त्या दिवशी बंद ठेवायचा आणि खिडक्या उघडायच्या. सकाळची वेळ धरली त्यामागे हेही एक कारण आहे. वीज गेली तरी कार्यक्रम अडत नाही आणि जनरेटर लावावा लागत नाही.

नंतर एकाने मधोमध उभं राहून टाळी वाजवावी. आवाज घुमला, तर फरशी, उघड्या भिंती आणि पत्रा यांच्यामुळे चाळीस जणांच्या साध्या बोलण्याचाही गोंगाट होणार. त्याला उपाय सोलापूरच्या घराघरांत आहे. जाड चादरी भिंतीवर टांगा आणि खाली सतरंज्या अंथरा. वीस-पंचवीस चादरी लागल्या की फरक कानाला कळतो. स्पीकर लावूच नका असं आमचं स्पष्ट मत आहे. चाळीस माणसांना सूचना द्यायला मोठ्या अक्षरांचे फलक पुरतात. हट्टाने लावलाच, तर मोबाइलवर आवाज मोजायचं फुकटचं अ‍ॅप घ्या आणि शेवटच्या रांगेत ६० ते ६५ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. समोरासमोरच्या बोलण्याचा आवाज साधारण तेवढाच असतो. साउंडवाला कुरकुरला तर त्याला सांगा की ध्वनिप्रदूषण नियम, २०००नुसार निवासी भागात परिसरातल्या, म्हणजे हॉलबाहेरच्या आवाजाची दिवसाची मर्यादाच ५५ डेसिबल आहे. ‘हॅलो, चेक, चेक’ पाहुणे यायच्या अर्धा तास आधी संपलं पाहिजे. स्पीकर माइकच्या मागे ठेवला की शिट्टी वाजते आणि ती एक शिट्टी अख्ख्या सकाळची वाट लावू शकते. स्पीकर माइकच्या पुढे, तोंड लोकांकडे.

संडासात पाणी आहे का ते बघाच. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे टाकी आदल्या दिवशी भरलेली हवी. महापालिकेचा हॉल सवलतीत मागायचा असेल तर अर्जात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६च्या कलम २९चा उल्लेख करा. सांस्कृतिक जीवनात आणि करमणुकीत दिव्यांगांना बरोबरीने भाग घेता यावा म्हणून सरकारने आणि स्थानिक संस्थांनी पावलं उचलावीत, असं ते कलम सांगतं. सरकारी निधी मिळाला तर घ्या, पण त्याच्यासोबत उद्घाटन आणि बॅनर येत असेल तर पहिल्या वर्षी वर्गणीवरच भागवलेलं बरं.

शांत खोलीबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण ती बहुतेक ठिकाणी नावापुरतीच असते. चाळीस माणसांना सहा-आठ जणांची एक खोली हवी. ती मुख्य हॉलपासून एक दार तरी लांब असावी, स्वयंपाकाच्या आणि संडासाच्या बाजूला नको. खिडकीला पडदा, खाली दोन गाद्या, भिंतीकडे तोंड करून ठेवलेल्या दोन खुर्च्या, एक जड गोधडी, पाण्याची बाटली, बस्स. बिघाड कुठे होतो? साडेदहापर्यंत केटररचे क्रेट तिथे येतात. मग पिशव्या येतात. मग कुणीतरी फोनवर बोलायला आत जातं. त्याहून वाईट म्हणजे एखादा पालक चिडून ‘त्रास देतोय ना, ने त्याला त्या खोलीत’ म्हणतो आणि खोली शिक्षेची होऊन जाते. म्हणून दाराशी एक माणूस पूर्ण वेळ बसवा. त्याचं काम एवढंच : आत बोलणं नाही, मोबाइलचा आवाज नाही, सामान नाही, ‘काय झालं?’ विचारणं नाही. जो स्वतःहून येईल तो आत, दाराला कडी नाही. ज्यांना बसण्यापेक्षा फेऱ्या मारून बरं वाटतं त्यांच्यासाठी बाहेर पन्नास पावलांची सावलीतली वाट मोकळी ठेवा. कारखान्यांना सेफ्टीचं सामान विकणाऱ्या दुकानात कानावर घालायचे इअरमफ मिळतात. ते आठ-दहा आणून ठेवा आणि प्रत्येकाने काढल्यावर पुसा. पण काहींना डोक्यावरचा दाब सोसत नाही, म्हणून ‘इअरमफ आहेत की, वाढवा आवाज’ असं चालणार नाही.

आता अडचणीचा भाग. या चौघांच्याच गरजा एकमेकांच्या आड येतील. तुमच्या भावाला शांतता हवी. एडीएचडी असलेल्या मुलीला कदाचित गाणं आणि हालचाल हवी असेल, एका जागी अडीच तास बसणं तिला छळ वाटेल. अशा वेळी मधला मार्ग म्हणून मध्यम आवाजात गाणी लावली जातात. त्याने याचंही भागत नाही आणि तिचंही नाही. तडजोड आवाजात करू नका, वेळेत आणि जागेत करा. साडेनऊ ते अकरा हॉलमध्ये गाणं नाही म्हणजे नाही. अकरा ते साडेअकरा ढोलकी, नाच, उड्या, ज्यांना हवं त्यांच्यासाठी, बाहेरच्या अंगणात, आणि त्या अर्ध्या तासाची वेळ आमंत्रणातच लिहिलेली. ज्यांना नको ते तेव्हा आतल्या टेबलांवर राहतील, दार बंद. साडेअकराला ढोलकी थांबणार, ‘वन्स मोअर’ नाही. वासाचंही तसंच. एकाला उदबत्ती हवी, दुसऱ्याला मळमळतं. इथे वास नसलेलं जिंकतं, कारण वास दाराबाहेर ठेवता येत नाही. उदबत्ती, धूप, अत्तर, मोगऱ्याचे हार नकोत, आणि फोडणी हॉलपासून लांब.

कार्यक्रमात भाषण, स्पर्धा, बक्षीस नको. चार-पाच टेबलं मांडा, प्रत्येक टेबल एकाच्या नादाचं. भावाच्या टेबलावर त्याचे आलेख आणि दोन-तीन जुन्या चादरी ठेवा. जॅकार्डच्या (नक्षी विणणाऱ्या) मागात भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ असते आणि साधारणपणे आलेखातली एक आडवी ओळ म्हणजे एक पुठ्ठा, म्हणजे आडव्या धाग्याची एक फेर. चौकटीत रंग असेल तिथे भोक, नसेल तिथे नाही. येणाऱ्याला कोरा आलेख आणि रंगीत पेन्सिल द्या, तो एक ओळ भरेल. असं करत बारा वाजेपर्यंत चाळीस हातांचं एक डिझाइन तयार होतं आणि भावाला त्यासाठी एक शब्दही बोलावा लागत नाही. लोक विचारतीलच ते पाच-सहा प्रश्न त्याने आधी उत्तरांसकट कार्डांवर छापून ठेवावेत : ‘हे डिझाइन कुठलं?’, ‘एका चादरीला किती ओळी?’ नवीन प्रश्न असेल तर लिहून द्यायचा, तो लिहून उत्तर देईल. चांगल्या पंधरा ओळींचं उत्तर आलं तर पाहुण्याने उभं राहून वाचावं, घाई करू नये. फलकावर मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नड असू द्या, आणि मोठं चित्र तर हवंच.

आमंत्रण आठ दिवस आधी जायला हवं आणि त्यात गुळमुळीत काही नको. असं लिहा : “रविवार, सकाळी ९.३० ते १२. उशिरा आलात, लवकर गेलात, तरी चालेल. भाषण नाही, स्पीकर नाही. ११ ते ११.३० बाहेर ढोलकी वाजेल. शांत खोली आहे. घरचा डबा आणला तरी चालेल. बसून राहायची, नजरेला नजर द्यायची, हात मिळवायची सक्ती नाही. कुणाला काय आहे हे आम्ही विचारणार नाही.” सोबत सहा फोटो : रस्त्यावरून दिसणारं फाटक, चप्पल काढायची जागा, हॉल, शांत खोली, संडास आणि दाराशी भेटणाऱ्या माणसाचा चेहरा. मुलांना हे फोटो रोज एकदा दाखवून पालकांनी सांगावं. त्यातलं काही बदललं, दाराशी दुसरं कुणी असणार असेल, तर त्याच दिवशी नवा फोटो पाठवा.

दाराशी प्रमाणपत्र मागू नका. २०१६च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, डिस्लेक्सियासारख्या शिकण्यातल्या अडचणी आहेत, पण एडीएचडी वेगळा नोंदलेला नाही. शिवाय कितीतरी मोठ्या माणसांची तपासणीच कधी झालेली नसते. प्रमाणपत्र मागितलं तर आयोजकांपैकीच एक जण बाहेर राहील.

प्रत्येकाला तीन बिल्ल्यांपैकी एक निवडू द्या. हिरवा : माझ्याशी बोला. पिवळा : ओळखीचे असाल तरच बोला. लाल : आत्ता बोलू नका. रंग न ओळखणारेही असतात, म्हणून हिरव्यावर गोल, पिवळ्यावर त्रिकोण, लालवर चौकोन काढा. बिल्ला कधीही बदलता यावा, म्हणून तिन्ही एकाच दोरीत ओवा. सगळ्यांनी लावायचे, पालकांनी आणि स्वयंसेवकांनीसुद्धा. फक्त ‘त्या’ मुलांना लावले तर ती खूण होऊन बसते. फोटोसाठी वेगळी सोय करा : ज्यांना चालतो त्यांनी बिल्ल्यावर कॅमेऱ्याचं चित्र चिकटवायचं. चित्र नसेल तर फोटो नाही, ग्रुप फोटोही नाही.

पाहुण्यांचं आधीच मिटवा. नगरसेवक, डॉक्टर, देणगीदार, सगळ्यांना एकच निरोप : “आपण नक्की या. सत्कार, भाषण ठेवलेलं नाही. कार्यक्रम ९.३०ला सुरू होईल, कुणासाठी थांबणार नाही. आल्यावर टेबलावर बसून एक ओळ रंगवावी, ही विनंती.” ज्यांना हे चालणार नाही ते येणार नाहीत, आणि त्यात मेळाव्याचं काही नुकसान नाही.

जेवण साधं ठेवा आणि प्रत्येक पदार्थ वेगळ्या भांड्यात. भात, दही, चपाती, केळी, बिस्किटं. रस्सा भातावर कुणी वाढायचा नाही. कडक भाकरीचा कुरकुरीतपणा काहींना फार आवडतो आणि काहींना मुळीच सोसत नाही, तेव्हा दोन्ही असू द्या. आपल्याकडे शेंगदाण्याचं कूट कशातही असतं. कुणाला त्याची अ‍ॅलर्जी असू शकते, म्हणून शेंगा चटणी वेगळ्या टेबलावर आणि पाटीसकट.

सुरक्षेकडे मात्र काटेकोर राहा. आवाजाने गोंधळलेलं मूल पळतं, आणि अनेक ऑटिस्टिक मुलांना पाण्याची ओढ असते. सिद्धेश्वर तलाव किंवा विजापूर रोडवरचा कंबर तलाव चालत जाण्याच्या टप्प्यात असेल, अशी जागा घेऊ नका. फाटकं कितीही असोत, एकच उघडं ठेवा आणि तिथे दोघं जण पूर्ण वेळ. आत येताना पालकाने मुलाचा त्या दिवशीच्या कपड्यांतला फोटो काढून ठेवावा. मुलाच्या मनगटावर पालकाचा नंबर असावा, नाव नको. मूल दिसेनासं झालं तर आधी पाण्याच्या दिशेने माणूस पाठवा, मग हॉल धुंडाळा. लुकलुकणारे रंगीत दिवे लावू नका. ऑटिस्टिक लोकांत फिट येण्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं आणि काहींना अशा दिव्यांनी फिट येऊ शकते.

कुणाचा तोल सुटला, रडणं-ओरडणं सुरू झालं, तर गर्दी मागे सरकवा. एकाच माणसाने जवळ राहायचं, हातभर अंतर सोडून, खाली बसून. हात धरायचा नाही, प्रश्न विचारायचे नाहीत, ‘शांत हो’ म्हणायचं नाही. जवळचा आवाज आणि दिवा बंद करा. कुणी मोबाइल काढला तर तो खाली करायला सांगायचं काम एका स्वयंसेवकाकडे आधीच दिलेलं असू द्या. ओसरायला वीस मिनिटं लागतील, कधी तासही लागेल. नंतर लगेच ‘चल आता, सगळे वाट बघतायत’ असं नको.

चौघांच्या थकव्याची सोय अशी. कुणीही सलग ४० मिनिटांपेक्षा जास्त कामावर नको, मग तेवढीच सुट्टी. प्रत्येक कामाला एक बदली माणूस, ज्याला ते काम आधी दाखवून ठेवलेलं आहे. कुणालाही कारण न सांगता घरी जायची मुभा, आणि त्याने मेळावा अडणार नाही हे त्यांना आधी लिहून कळवलेलं. भाऊ साडेदहाला निघून गेला तर ते अपयश समजू नका. त्याचं टेबल कार्डांवर चालेल. दुसऱ्या दिवशी सोमवारी चौघांनाही काही ठेवू नका. आभाराचे फोन नकोत, पाहुणे नकोत. हिशोब बुधवारनंतर.

अभिप्रायही बुधवारनंतर मागा, तोही ‘कसं वाटलं?’ असा नको. चारच प्रश्न, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर कसंही उत्तर चालेल : कुठला आवाज त्रासाचा होता, कुठे अडकल्यासारखं वाटलं, काय पुन्हा हवं, काय पुन्हा नको. आलेली उत्तरं जशीच्या तशी चौघांकडे द्या, गटात गाळून नाही. उरलेले पैसे गटाच्या गंगाजळीत जाण्याआधी पुढच्या मेळाव्यासाठी किती ठेवायचे, तेही त्यांनाच ठरवू द्या. पुढचा मेळावा करायचाच की नाही, हेसुद्धा.